एनएचएलचं टेबल कसं वाचायचं: ओव्हरटाइम, टाय आणि हरून पण मिळणारा एक पॉइंट

आयपीएलचं टेबल आपल्याला झोपेत पण वाचता येतंय. जिंकलं की दोन, हरलं की शून्य, पावसानं वाट लावली तर एक-एक, आणि शेवटी पॉइंट सेम झाले की नेट रन रेट. हीच सवय घेऊन एनएचएलचं, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकी लीगचं टेबल उघडलं की गडबड होते. ४१ मॅच जिंकलेली टीम घरी आणि ४० जिंकलेली प्लेऑफमध्ये, असं २०२३-२४ च्या सीझनला खरंच झालंय, ते पुढं सांगतो. आमच्या ग्रुपवर अशोक चौकातला एक दोस्त आहे, टॉवेलच्या कारखान्यात असतो, पहाटे उठून मोबाइलवर मॅच लावतो, आणि त्याचा ठरलेला मेसेज, "हरली की बे ही टीम, मग पॉइंट कसा वाढला?" त्याला तुकड्या-तुकड्यात उत्तरं देऊन कंटाळलो म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. सोलापुरात आपला बर्फाशी संबंध उसाच्या रसापुरता, पण हे गणित कळायला काय स्केटिंग यायला पाहिजे असं नाही.

आधी मॅच संपते कशी ते बघा

मॅच ६० मिनिटांची, २० मिनिटांचे तीन पिरियड. ह्या ६० मिनिटांत निकाल लागला तर तो रेग्युलेशनमधला निकाल. जिंकणाऱ्याला २ पॉइंट, हरणाऱ्याला भोपळा, विषय संपला. इथपर्यंत आपल्यासारखंच.

६० मिनिटं संपली आणि स्कोर सेम आहे, तर त्याच सेकंदाला दोन्ही टीमच्या खात्यात एक-एक पॉइंट जमा होतो. हे वाक्य दोनदा वाचा, कारण पुढचं सगळं ह्यावरच उभं आहे. पुढं काय पण होऊ दे, तो एक पॉइंट सहसा कोण काढून घेत नाही (एक अपवाद आहे, येतोय त्याच्यावर). आता भांडण उरतंय ते फक्त उरलेल्या एका जादा पॉइंटसाठी.

त्यासाठी आधी ५ मिनिटांचा ओव्हरटाइम. एरवी प्रत्येक टीमचे गोलकीपर सोडून पाच जण बर्फावर असतात, ओव्हरटाइमला तीन-तीनच. एवढं मोठं मैदान आणि सहाच जण पळणार म्हटल्यावर जागाच जागा, त्यामुळं गोल होण्याचे चान्स लई वाढतात. पहिला गोल पडला की मॅच तिथंच खल्लास, त्याला सडन डेथ म्हणतात. पाच मिनिटांत पण कोण गोल केला नाही तर शूटआउट, दोन्हीकडचे तीन-तीन प्लेयर एकेक करून गोलकीपरवर चाल करून जातात, तरी बरोबरी राहिली तर मग एक-एक करत निकाल लागेपर्यंत.

ओव्हरटाइमला जिंका नाहीतर शूटआउटला जिंका, २ पॉइंट. हरलात तर आधी जमा झालेला १ तसाच राहतो. म्हणजे आमच्या दोस्ताचं उत्तर मिळालं, टीम हरली खरी पण ६० मिनिटांनंतर हरली. आयपीएलमध्ये सुपर ओव्हर हरलं तर काय मिळत नाही, इथं मिळतंय, एवढाच फरक. प्रो कबड्डीत बरीच वर्षं सात किंवा त्याहून कमी पॉइंटनी हरलेल्या टीमला एक पॉइंट मिळायचा, ते बघितलेल्यांना ही भानगड लगेच पटेल.

आता तो अपवाद. ओव्हरटाइममध्ये एखाद्या टीमनं गोलकीपर बाहेर काढून त्याच्या जागी चौथा अटॅकर उतरवला आणि तेवढ्यात समोरच्यानं रिकाम्या जाळीत गोल मारला, तर हरणाऱ्या टीमचा तो जमा झालेला पॉइंट पण जातो. समोरच्याची पेनल्टी लागणार आहे म्हणून तेवढ्यापुरता गोली बाहेर आला असेल तर चालतंय, पण मुद्दाम काढला तर रिस्क तुमची. सहसा कोणता कोच हे करत नाही. मिनेसोटा वाइल्डनं मार्च २०२४ मध्ये केलं होतं, प्लेऑफसाठी नुसता एक पॉइंट पुरणार नव्हता म्हणून, आणि वेगासविरुद्ध रिकाम्या जाळीत गोल खाऊन हातातला एक पण घालवला.

टेबलातली अक्षरं

टेबल उघडल्यावर टीमच्या नावापुढं अक्षरांची रांग दिसेल. जीपी म्हणजे किती मॅच खेळल्या, डब्ल्यू म्हणजे एकूण जिंकलेल्या, कशा पण जिंकल्या तरी त्यातच. एल म्हणजे फक्त ६० मिनिटांत हरलेल्या. ओटीएल म्हणजे ओव्हरटाइम किंवा शूटआउटमध्ये हरलेल्या. पीटीएस म्हणजे पॉइंट.

लोक चुकतात ते एल वर. एल चा आकडा बघून "ही टीम २७ च हरली" म्हणून खूश होऊ नका, ओटीएल पण हरलेल्याच मॅच आहेत, दोन्हीची बेरीज करा मग खरं किती हरले ते कळतंय.

रेकॉर्ड लिहिताना पण हाच क्रम असतो, जिंकलेल्या, हरलेल्या, ओटीएल. २०२२-२३ ला बॉस्टन ब्रुइन्सनी जो विक्रम केला तो ६५-१२-५ असा लिहितात. पॉइंट काढायचे तर पहिला आकडा दुप्पट करा, मधला सोडून द्या, शेवटचा तसाच मिळवा. ६५ दुणे १३०, वर ५, झाले १३५. एका सीझनमधले एनएचएलचे सगळ्यात जास्त पॉइंट हेच. ८२ मॅच सगळ्या जिंकल्या असत्या तर १६४ झाले असते, त्यामुळं १३५ म्हणजे काय पातळी आहे ते बघा.

अजून दोन कॉलम असतात, आरडब्ल्यू आणि आरओडब्ल्यू. मोबाइलवर टेबल बघताना हे बऱ्याचदा उजवीकडं लपलेले असतात, बोटानं सरकवावं लागतंय. आरडब्ल्यू म्हणजे ६० मिनिटांतच जिंकलेल्या मॅच. आरओडब्ल्यू म्हणजे त्यात ओव्हरटाइमच्या जिंकलेल्या मिळवून, शूटआउट सोडून. मग डब्ल्यूमधून आरओडब्ल्यू वजा केलं की शूटआउटला किती जिंकले ते निघालं, आरओडब्ल्यूमधून आरडब्ल्यू वजा केलं की ओव्हरटाइमला किती ते निघालं. एखादी टीम खरंच भारी आहे का नशिबावर चाललीय हे ह्या दोन वजाबाक्यांत कळतंय. शूटआउटची बेरीज जास्त असलेली टीम मार्चमध्ये घसरली तर मला तरी आश्चर्य वाटत नाही.

गोलफरकात शूटआउटचा काय हिशोब, हे पण विचारतात. शूटआउटला कितीही गोल पडू दे, जिंकणाऱ्याच्या स्कोरमध्ये फक्त एकच गोल वाढतो. २-२ वरनं शूटआउट जिंकलं तर निकाल ३-२, आणि गोलफरकात एकानं अधिक, एकानं उणे.

पॉइंट सेम झाले तर

टेबलाचा खरा मसाला इथं आहे. दोन टीमचे पॉइंट सारखे झाले आणि मॅच पण सारख्या खेळून झाल्या असल्या तर पहिलं बघतात आरडब्ल्यू. ते पण सेम असेल तर आरओडब्ल्यू. मग एकूण विजय. मग आपसातल्या मॅचमधले पॉइंट (त्यात एकीच्या घरी एक मॅच जास्त झाली असेल तर तिथली पहिली मॅच धरत नाहीत). मग गोलफरक, मग एकूण गोल. गोलफरकापर्यंत गाडी क्वचितच जाते, म्हणून नेट रन रेटसारखं शेवटच्या दिवशी कॅल्क्युलेटर घेऊन बसायची गरज पडत नाही, आरडब्ल्यू लक्षात ठेवलं तरी बहुतेक भांडणं मिटतात.

आरडब्ल्यू पहिल्या नंबरला आलं ते २०१९-२० पासून. त्याआधी २०१०-११ पासून आरओडब्ल्यू बघायचे. शूटआउट जिंकून आलेला विजय थोडा हलका धरायचा, मग तीन-तीनचा ओव्हरटाइम पण थोडा हलका धरायचा, असं करत करत लीग परत ६० मिनिटांवर आली.

आता सुरुवातीला सांगितलेलं उदाहरण. २०२३-२४ च्या सीझनला ईस्टमध्ये (लीग ईस्ट आणि वेस्ट अशा दोन कॉन्फरन्समध्ये वाटलीय, प्रत्येकीत दोन डिव्हिजन) प्लेऑफच्या शेवटच्या एका जागेसाठी चार-पाच टीम भांडत होत्या. शेवटी वॉशिंग्टन कॅपिटल्स ४०-३१-११ आणि डेट्रॉइट रेड विंग्ज ४१-३२-९. काढा पॉइंट, ८० अधिक ११ झाले ९१, ८२ अधिक ९ झाले ९१. सेम. डेट्रॉइट एक मॅच जास्त जिंकलेली. पण ६० मिनिटांत जिंकलेल्या मॅच वॉशिंग्टनच्या ३२ आणि डेट्रॉइटच्या २७. वॉशिंग्टन आत, डेट्रॉइट बाहेर.

पण त्या रात्री तिसऱ्याच टीमबरोबर जे झालं ते बघून मला हे टेबलाचं गणित कायमचं डोक्यात बसलं. १६ एप्रिल २०२४, आपल्याकडं १७ ची पहाट, रामनवमी होती त्या दिवशी, सुट्टी म्हणून निवांत. फिलाडेल्फिया फ्लायर्स आणि वॉशिंग्टनची मॅच, फ्लायर्सची शेवटची. मॅचआधी वॉशिंग्टन ८९ वर, फ्लायर्स ८७ वर. आता मांडा. फ्लायर्स जिंकले तर जास्तीत जास्त ८९. पण मॅच ६० मिनिटांना टाय राहिली की वॉशिंग्टनला लगेच एक, म्हणजे ९०. मग फ्लायर्स ओव्हरटाइमला जिंकून पण उपयोग शून्य. म्हणजे त्यांच्यासाठी टाय आणि हार एकच. तिसऱ्या पिरियडला स्कोर १-१, शेवटची काही मिनिटं उरलेली, आणि फ्लायर्सच्या कोचनं बरोबरी असताना गोलकीपर बाहेर काढला. पहिल्यांदा हॉकी बघणारा माणूस म्हणेल येडा झाला काय हा, मागं असताना गोली काढतात हे ठीक, बरोबरीत कोण काढतंय? पण गणित तेच सांगत होतं. रिकाम्या जाळीत टी. जे. ओशीनं गोल मारला, वॉशिंग्टन २-१ नं जिंकली आणि ९१ वर गेली.

गंमत अजून पुढं आहे. त्याच वेळी तिकडं मॉन्ट्रियलला डेट्रॉइटची मॅच चालू होती, तिथं डेट्रॉइटनं शेवटच्या काही सेकंदांत गोल मारून बरोबरी केली. डेट्रॉइट पण ८९ वर होती. बरोबरी झाली, ६० मिनिटं संपली, एक पॉइंट जमा, ९०. म्हणजे फ्लायर्स इकडं काय पण करू दे, तिकडच्या त्या एका गोलनंच त्यांचा खेळ संपवला. डेट्रॉइट पुढं शूटआउट जिंकून ९१ ला गेली, आणि पुढचं आरडब्ल्यूचं वर सांगितलंच. मॅच इथं, निकाल तिथं, आणि सगळ्याच्या मुळाशी ६० मिनिटांनंतर मिळणारा तो एक पॉइंट.

पुढच्याच सीझनला, २०२४-२५ ला, वेस्टमध्ये परत तेच. सेंट लुईस ब्लूज ४४-३०-८ आणि कॅलगरी फ्लेम्स ४१-२७-१४, दोघांचे ९६. आरडब्ल्यू ३२ आणि ३१, एकाच्या फरकानं सेंट लुईस आत. कॅलगरीचा एल बघा, २७, सेंट लुईसपेक्षा कमी. पण ६० मिनिटांनंतर १४ मॅच घालवल्या. त्यातली एखादी जरी ओव्हरटाइमला काढली असती तर ९७ झाले असते आणि टायब्रेकची वेळच आली नसती.

तीन पॉइंटची मॅच म्हणजे काय

कॉमेंटेटर थ्री-पॉइंट गेम म्हणतात ते हेच. साध्या मॅचमधनं एकूण २ पॉइंट वाटले जातात, ओव्हरटाइमला गेली की ३. म्हणजे टेबलात पॉइंट हवेतनं तयार होतात. ३२ टीम, ८२ मॅच, एकूण १३१२ मॅच होतात. एकही ओव्हरटाइम झाला नसता तर सगळ्या टीमचे मिळून २६२४ पॉइंट झाले असते. दरवर्षी त्याच्यावर जे काय जातंय ते ओटीएलच्या कॉलमची बेरीज.

ह्याचा एक परिणाम असा की "फिफ्टी टक्के" ह्या शब्दाला काय अर्थ राहत नाही. ३०-३०-१५ अशी टीम घ्या. ७५ मॅचला ७५ पॉइंट, कागदावर बरोब्बर अर्धे. प्रत्यक्षात ७५ मधल्या ४५ हरलीय. आणि वाटले जाणारे पॉइंट वाढल्यामुळं लीगचा सरासरी आकडाच अर्ध्याच्या वर असतो, म्हणून अर्ध्यावर असलेली टीम मधली नसते, खालची असते.

दुसरा परिणाम खेळावर होतो. शेवटची सात-आठ मिनिटं स्कोर सेम असला की दोन्ही टीम एकदम सभ्य होतात. कोण रिस्क घेत नाही, पक, म्हणजे ती चकती, आपल्या बाजूला फिरवत बसतात, एक पॉइंट खिशात घालून मग ओव्हरटाइमला बघू. त्यात समोरची टीम दुसऱ्या कॉन्फरन्सची असेल तर विचारूच नका, तिला एक पॉइंट गेला तरी आपल्या जागेला काय धक्का नाही. आपल्याच डिव्हिजनची टीम असेल आणि एप्रिल असेल तर मात्र चित्र उलटं, कारण तिथं समोरच्याला दिलेला एक पॉइंट म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा.

म्हणून शेवटच्या दोन आठवड्यांत तुमची टीम जिंकावी एवढीच प्रार्थना पुरत नाही. समोरच्या दोन दुश्मनांची आपसात मॅच असेल तर कोण जिंकतंय ह्यापेक्षा ती ६० मिनिटांत संपावी हे जास्त महत्त्वाचं. ओव्हरटाइमला गेली की दोघं पण वर सरकले आणि तुम्ही बसलात जागेवर.

मॅच कमी-जास्त झाल्या असतील तर

सीझनच्या मध्ये सगळ्यांच्या मॅच सारख्या झालेल्या नसतात. एकीच्या ५० मॅच आणि ६० पॉइंट, दुसरीच्या ५४ आणि ६२. दुसरी वर दिसते, पण पॉइंटला मॅचच्या दुपटीनं भागा. ६० भागिले १०० म्हणजे ०.६००, ६२ भागिले १०८ म्हणजे ०.५७४. खरी पुढं पहिलीच. ह्याला पॉइंट पर्सेंटेज म्हणतात. मार्च २०२० ला कोरोनामुळं सीझन अर्ध्यात थांबला तेव्हा लीगनं टीमची क्रमवारी ह्याच आकड्यावर लावली होती, कारण कोणाच्या ६८ मॅच झालेल्या तर कोणाच्या ७१.

टेबलात वाइल्ड कार्ड नावाचा वेगळा व्ह्यू असतो, फेब्रुवारीनंतर तोच उघडा. ईस्ट आणि वेस्ट दोन कॉन्फरन्स, प्रत्येकीत दोन डिव्हिजन, प्रत्येक डिव्हिजनचे वरचे तीन डायरेक्ट प्लेऑफला. मग कॉन्फरन्समधल्या उरलेल्यांपैकी वरच्या दोघी वाइल्ड कार्डनं. एका बाजूला ८, दोन्ही मिळून १६. टीमच्या नावापुढं बारीक एक्स दिसला तर ती आत गेली, ई दिसला तर कटली. प्लेऑफ सुरू झाले की हे पॉइंट-बिइंट सगळं बंद. तिथं शूटआउट नाही, तीन-तीन नाही, पाच-पाच जण २०-२० मिनिटं गोल पडेपर्यंत खेळत राहतात. आपल्याकडं पहाटे साडेचारला सुरू झालेली मॅच ऑफिसच्या टायमापर्यंत चालू असू शकते, डब्बा भरताना पण बघत राहावं लागतंय.

जुनी टेबलं वाचताना

यूट्यूबवर जुन्या मॅच बघून कोण जुनं टेबल शोधत असेल तर तिथं कॉलम वेगळे दिसतील. पूर्वी जिंकलेल्या, हरलेल्या आणि टाय असे तीनच होते. टायला एक-एक पॉइंट, घरी जा. मुळात अगदी पूर्वी ओव्हरटाइम होता, पण नोव्हेंबर १९४२ ला बंद केला, का तर दुसरं महायुद्ध आणि रेल्वेचं टाइमटेबल. टीम ट्रेननं फिरायच्या, मॅच लांबली की गाडी चुकायची. रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस गाठायची आहे आणि इकडं कार्यक्रम लांबत चाललाय, तीच गत. युद्ध संपलं तरी ओव्हरटाइम लगेच काय परत आला नाही, १९८३-८४ ला पाच मिनिटांचा परत आणला, तो पण पाच-पाच जणांचा. त्यात गोल नाही पडला तर टायच.

टायचा जमाना कसा होता ह्याचं एक टेबल मला आवडतं. १९६९-७० ला परत आपले बिचारे फ्लायर्सच. ७६ मॅचमध्ये १७ जिंकल्या, ३५ हरल्या आणि २४ टाय. एका सीझनमध्ये २४ टाय हा आजपर्यंतचा विक्रम. ओकलंड सील्स २२ जिंकली, ४० हरली, १४ टाय. दोघांचे ५८ पॉइंट. टायब्रेक जिंकलेल्या मॅचवर, ओकलंड आत, फ्लायर्स बाहेर. पाच मॅच जास्त हरलेली टीम पुढं गेली.

१९९९-२००० ला मोठा बदल झाला. ओव्हरटाइमला टीम घाबरून खेळायच्या, हातातला एक पॉइंट जायला नको म्हणून. मग लीगनं ठरवलं, ओव्हरटाइमला हरलं तरी तो एक पॉइंट राहील, आणि प्लेयर पण पाचाचे चार केले. त्यामुळं १९९९ ते २००४ ह्या काळातल्या टेबलात चार कॉलम दिसतात, जिंकलेल्या, हरलेल्या, टाय आणि ओव्हरटाइमला हरलेल्या. तिथं पॉइंट काढताना शेवटचे दोन्ही आकडे मिळवायचे. २००४-०५ चा अख्खा सीझन मालक-प्लेयरच्या भांडणात गेला, आणि २००५-०६ ला शूटआउट आलं तसा टाय कायमचा संपला. पहिलं शूटआउट ५ ऑक्टोबर २००५ ला, टोरंटोच्या घरात ओटावा जिंकली. तीन-तीनचा ओव्हरटाइम त्यानंतर दहा वर्षांनी, २०१५-१६ ला.

दुसऱ्या लीगमध्ये हेच गणित चालवू नका

ऑलिम्पिक आणि वर्ल्ड चॅम्पियनशिपला हिशोब वेगळा आहे. ६० मिनिटांत जिंकलं तर ३, ओव्हरटाइम किंवा शूटआउटला जिंकलं तर २, तसंच हरलं तर १, ६० मिनिटांत हरलं तर शून्य. प्रत्येक मॅचमधनं तीनच पॉइंट वाटले जातात, हवेतनं काय तयार होत नाही. बायकांची पीडब्ल्यूएचएल जानेवारी २०२४ ला सुरू झाली, तिनं पहिल्या दिवसापासून हीच पद्धत घेतली. मला विचाराल तर हीच बरोबर आहे, सरळ जिंकणाऱ्याला जास्त मिळायलाच पाहिजे. एनएचएल बदलत का नाही ह्याचं कारण पण उघड आहे, सध्याच्या पद्धतीत टेबल एप्रिलपर्यंत चिकटून राहतं, दहाव्या नंबरच्या टीमला पण वाटतं अजून चान्स आहे, आणि तोपर्यंत तिकिटं खपतात.

आता एक मजेशीर गोष्ट. एनएचएलच्या टेबलावरनं तीन पॉइंटवालं टेबल काढायचं असेल तर काय डोकं लावायची गरज नाही, पीटीएसमध्ये आरडब्ल्यू मिळवा, झालं. कारण दोन्ही पद्धतींत फरक फक्त ६० मिनिटांत जिंकलेल्या मॅचचा, तिथं एक पॉइंट जास्त, बाकी सगळं सेम. समजा आपल्याकडच्या दोन टीम, सात रस्ता आणि जुळे सोलापूर, दहा-दहा मॅच झाल्या. सात रस्ता ६-४-०, त्यातल्या ५ सरळ जिंकलेल्या. जुळे सोलापूर ४-२-४, त्यातल्या २ च सरळ. एनएचएलच्या हिशोबानं दोघांचे १२. तीन पॉइंटच्या हिशोबानं १७ आणि १४. वॉशिंग्टन-डेट्रॉइटचं पण करून बघा, १२३ आणि ११८. म्हणजे पॉइंट सेम झाल्यावर आरडब्ल्यू बघतात तेव्हा एनएचएल गुपचूप तीन पॉइंटचीच पद्धत वापरते असं म्हणायला हरकत नाही.

स्वतःचं शीट

मोबाइलवर गूगल शीट उघडा. बी मध्ये ६० मिनिटांत जिंकलेल्या, सी मध्ये ओव्हरटाइम-शूटआउटला जिंकलेल्या, डी मध्ये एल, ई मध्ये ओटीएल. चौघांची बेरीज म्हणजे झालेल्या मॅच. बी आणि सी ची बेरीज करून ती दुप्पट करा, वर ई मिळवा, झाले पॉइंट. त्याच्या शेजारी एक कॉलम जास्तीत जास्त किती होऊ शकतात त्याचा, पॉइंट अधिक उरलेल्या मॅचची दुप्पट. एखाद्या टीमचा हा कमाल आकडा तुमच्या टीमच्या आत्ताच्या पॉइंटपेक्षा कमी झाला की ती तुम्हाला आता गाठू शकत नाही. सेम आला तर लगेच नाचू नका, आरडब्ल्यू बघा, आणि तिथं पण उरलेल्या सगळ्या मॅच ती ६० मिनिटांत जिंकेल असं धरून बघा.

रोज सकाळी भरायची गरज नाही, आठवड्यातनं एकदा रविवारी बसलात तरी चालतंय. टायमाचं एक लक्षात ठेवा, तिकडच्या पूर्व किनाऱ्यावरची संध्याकाळी ७ ची मॅच आपल्याकडं हिवाळ्यात पहाटे साडेपाचला आणि मार्चमध्ये त्यांचं घड्याळ पुढं गेलं की साडेचारला. आणि शीटमध्ये उरलेल्या मॅच काढताना ८२ चा आकडा थेट फॉर्म्युल्यात टाकू नका, वेगळ्या चौकटीत ठेवा, कारण २०२६-२७ पासून एनएचएल ८४ मॅचची होतेय.